गच्चीवरचा खडूचा ओटा

आमच्या धुळ्याच्या घरातलं स्वयंपाकघर बदलायचं मी ठरवलं ते एका पातेल्याच्या रागातून. ओट्याखालच्या कडप्प्याच्या कप्प्यात पातेली एकात एक बसवलेली, आणि हवं ते नेहमी सगळ्यात तळाशी. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच सकाळी मी वाकून ते ओढलं, वरची चार माझ्या पायावर आली, आणि मी तिथूनच ओरडले, "बस्स! आता ट्रॉल्या!" मी जळगावची, शाळेत मास्तरीण, राग कायम नाकावर. आमचे हे सरकारी कचेरीत. पंचवीस वर्षांच्या संसारात ते एक पक्कं शिकलेत, की मी ओरडले की आधी होय म्हणायचं आणि मग काय झालं ते विचारायचं. त्याप्रमाणे ते होय म्हणाले.

घरातल्या तिसऱ्या माझ्या सासूबाई. पारोळ्याकडच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या आणि आल्या त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातून परात घेतली. मी भांडले नाही. सकाळी सातला शाळेत पोचायचं असताना कुणी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, गरम भाकरी थापून डबा भरून देत असेल, तर भांडू नये एवढी अक्कल मला होती. शिवाय त्यांच्या भाकरीपुढे माझी भाकरी म्हणजे नकाशात चुकलेला देश. हे त्या मला येताजाता सांगायच्याही.

ट्रॉल्यांचा बेत कानावर गेल्यावर त्यांनी सगळं बदलायला मुभा देत अहिराणीत एवढंच म्हटलं, "बठ्ठं बदली टाका. पन भाकर मीच करसू."

"अहो आई, तुमच्या भाकरीला कोण हात लावतंय?" असं म्हणून मी हसले.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हीही माझ्यासारखा त्यांनाच बोल लावाल. त्यांची नजर जात होती. आम्हा दोघांना याचा पत्ता नव्हता, आणि तो लागू नये म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या. त्यांच्या एका जाऊबाईंची दृष्टी गेली तेव्हा घरच्यांनी त्यांना अगदी मायेनं ओसरीवर बसवलं, ताट हातात द्यायला लागले, कुठल्या कामाला म्हणून हात लावू दिला नाही. दोन वर्षांत ती बाई बोलेनाशीच झाली. सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. भाकर मीच करसू, या तीन शब्दांत ते सगळं होतं, आणि मी हसले होते.

ट्रॉल्यांसाठी बोलावलेले मिस्तरी मूळचे पाचोऱ्याचे, साठीला टेकलेले. प्लायवूडचा तुकडा हातात आला की आधी त्याचा वास घेणार, मग बोटानं टकटक करणार आणि मग नाक मुरडणार. शोरूममधलं तयार कपाट त्यांना मान्यच नव्हतं. "घर तुमचं, भिंत तुमची, हात तुमचे, मग माप दुसऱ्याचं कशाला?" हा त्यांचा प्रश्न. मला पटला. मी वहीत चित्रं काढायला लागले: इथे मसाल्यांची ट्रॉली, इथे ताटांची, वर काचेची दारं, सगळं पांढरंशुभ्र.

सासूबाईंनी एकेक गोष्ट खोडायला घेतली. पांढरं नको. वरच्या कपाटांना दारं नकोत. ओट्याचा कोपरा टोकदार नको, गोल करा. उघड्या फळ्या काय वाईट? आज कळतं, की पांढऱ्या भिंतीवर पांढरं कपाट त्यांना दिसलंच नसतं आणि उघडं राहिलेलं दार कपाळावर बसलं असतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की या बाईंना नवीन काही म्हणून नको आहे. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या आईंना विचारून केलं तर आपल्याकडे चूल मांडावी लागेल." ह्यांनी सवयीनं होय म्हटलं.

मग मला एक शहाणपण सुचलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण स्वतःला लागू करत नाही. नव्या स्वयंपाकघराची सवय आत्तापासूनच व्हावी म्हणून मी बाजारातून एकसारखे दोन डझन डबे आणले. जुने डबे, म्हणजे कुणाला पोचा पडलेला, कुणाचं झाकण सैल, कुणाला दोरी बांधलेली, ते सगळे काढून गच्चीवरच्या खोलीत टाकले. नवे डबे ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर माझ्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली. सासूबाई चौथी शिकलेल्या, वाचायच्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी पारोळ्याहून ह्यांचे मामा आणि मामी आले. वरण-बट्टीचा बेत होता. बट्ट्या खमंग तळलेल्या, वांग्याची भाजी घोटलेली, त्यावर तुपाची धार. मामांनी वरण ओतून पहिला घास घेतला आणि तो तोंडातच थांबला. वरणात मिठाऐवजी पापडखार पडला होता. साबणाचं पाणी प्यावं तशी चव. मामा भले माणूस, हसायला लागले, मामीही हसल्या. माझा मात्र तोल गेला. पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "आई, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय ना मी? वाचायचं तरी!"

"मनं ध्यान नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि वरणाचं पातेलं उचलून आत गेल्या. जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. तोही मी रागाच्या खात्यात टाकला. माझ्या त्या वाक्याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

त्यानंतरच्या रविवारी मिस्तरी आले ते खडू घेऊन. त्यांची एक रीत आहे. लाकूड कापायच्या आधी ते गच्चीवर अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापात खडूनं आखतात. इथे ओटा, इथे शेगडी, इथे सिंक, हे कपाट, हे त्याचं उघडलेलं दार. मग घरच्या बाईनं त्या रेघांमध्ये उभं राहून खोटा खोटा चहा करायचा. पाणी भरायचं, साखर काढायची, गाळणं शोधायचं. कुठे अडखळलं, कुठे जास्त चालावं लागलं, ते बघून ते रेघ पुसतात आणि सरकवतात. माझा चहा झकास झाला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकूंनी हवेतला कपही मागितला.

"आते अक्का," मिस्तरी म्हणाले. "तुम्ही या. चहा करी दखाडा."

सासूबाई नको नको म्हणत होत्या. मीच हाताला धरून नेलं. त्या पुढे आल्या, ओट्याच्या रेघेवरून सरळ चालत गेल्या आणि कपाटातून पार होऊन सिंकमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी मान वळवली, पाण्याच्या टाकीकडे बघून म्हणाल्या, "चांगलं शे. बठ्ठं चांगलं शे."

मी हसत म्हटलं, "अहो आई, तुम्ही सिंकमध्ये उभ्या आहात!" त्यांनी पाय उचलला आणि घाईघाईनं पुन्हा ओट्यावर ठेवला. मिस्तरी हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, अक्काले रेघ दिखत नही."

गच्चीवर ऊन होतं, खडू पांढरा, फरशी सिमेंटची, काळपट. न दिसण्यासारखं काही नव्हतं. मला पापडखार आठवला, चौकट आठवली, गोल कोपरा, उघड्या फळ्या. सगळं एकदम समजलं. सासूबाई तिथेच खाली बसल्या.

"समोरनं धुकट दिखस," त्या म्हणाल्या. "खालनं, बाजूनं बठ्ठं अंधारं शे."

"कधीपासून?"

"आखाजीना पहिलेपाईन."

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन सहा महिने उलटून गेले होते. आखाजीच्या पुरणपोळ्या त्यांनी खापरावर टाकल्या होत्या, एकही फाटली नव्हती, आणि मी त्यांचे फोटो बहिणींना पाठवले होते. "सांगितलं का नाही आई?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगतू ते तुम्ही माले वसरीमा बसाडी देतात."

डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, डावीकडची तर जवळजवळ गेलीच आहे, उरलेली थेंबांनी सांभाळायची. आणखी लवकर आणायला हवं होतं, असंही म्हणाले. घरी आल्यावर चपला काढता काढता ह्यांनी फर्मान काढलं, "आजपासून आईनं गॅसला हात लावायचा नाही."

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या.

खरं सांगते, ह्यांचं बोलणं मला तेव्हा पटलं होतं. मलाही गॅसची भीतीच वाटत होती. चार दिवस मी भाकरी केल्या. कडेला चिरलेल्या, मधे कच्च्या. सासूबाईंना ताट हातात दिलं. त्यांनी तुकडा मोडला, चावला आणि म्हणाल्या, "चांगली शे." पंचवीस वर्षांत माझ्या भाकरीला त्या चांगली म्हणाल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही चांगली, तिसऱ्या दिवशीही चांगली. चौथ्या दिवशी मी मुद्दाम मीठ टाकलं नाही. तीही चांगली. मला त्या जाऊबाई आठवल्या आणि मी घाबरले.

संध्याकाळी हे कचेरीतून आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. इतकी कधीच ओरडले नव्हते. आपण त्यांना सांभाळत नाही आहोत, संपवतो आहोत, असं काहीसं बोलले. ह्यांनी होय म्हटलं नाही. ते म्हणाले, "आणि भाजलं म्हणजे?" मी मिस्तरींना फोन लावला.

मिस्तरींनी या खेपेला आधी खडू काढला नाही. त्यांनी गच्चीवर विटा रचल्या, वर फळ्या टाकल्या, हाताला लागेल असा ओटा उभा केला. त्याची उंची सासूबाईंच्या कोपरावरून धरली. मी खोलीतले जुने डबे काढून पुसून आणले, पोचा पडलेला, दोरीवाला, सगळे.

"अक्का, हात जाई तठे सांगा," मिस्तरी म्हणाले.

सासूबाई उभ्या राहिल्या. आधी ओट्याची कड दोन्ही हातांनी चाचपली. मग एकेक डबा त्यांच्या हातात दिला की त्या डोळे मिटायच्या, हात लांबवायच्या आणि ठेवायच्या. मीठ आठे, म्हणजे इथे. हळद त्याच्या मागे. दादरचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ खाली, गुडघ्याजवळ. पापडखार पार तिकडच्या टोकाला, "मामाले पुन्हा नको पाजाले," असं म्हणून. मिस्तरी टेप लावून प्रत्येक जागा मोजत होते, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. जिन्याच्या दारात उभे राहून बघत असलेले हे पुढे आले आणि त्यांनी ते धरलं. कपाटांना दारं ठेवायची नाहीत असं ठरलं. ओट्याच्या कडेला बोटाला लागेल अशी उंच पट्टी. रंग गडद तपकिरी. माझ्या ट्रॉल्या उजव्या टोकाला, त्यांच्या वाटेत न येणाऱ्या.

शेवटी मिस्तरींनी विचारलं, "आनि शेगडी कोठे ठेवानी?"

सासूबाईंनी लांबवलेला हात मागे घेतला, पदराला पुसला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "आई," मी म्हटलं, "तुमच्याच हाताला विचारा."

त्यांचा उजवा हात समोर आला आणि फळीवर मधोमध टेकला. डावा हात मात्र बाजूला काहीतरी शोधत होता. मी जवळ गेले तशी त्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला ओढून आपल्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभं केलं.

"ह्या बाजूनं माले दिखत नही," त्या म्हणाल्या. "आठे तू उभी ऱ्हाय. भाकर मी थापसू, जाय तू दख."

जाळ मी बघायचा, भाकर त्यांनी थापायची. ह्यांना आणि मला चार दिवस जे सुचलं नाही ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ह्यांनी टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि म्हणाले, "होय."

मिस्तरींनी आता खडू काढला. खाली बसून माझ्या पावलांच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढली. "आठे कपाट नही, जागा मोकळी," ते स्वतःशीच म्हणाले आणि मग मान वर करून, "ताई, चोवीस इंच पुरतीन का?"

"तीस धरा," मी म्हटलं.

"छत्तीस धर," सासूबाई म्हणाल्या, "बाईना घेर नही दखस का?" चार दिवसांनी त्यांनी मला नावं ठेवली होती. मला इतकं बरं वाटलं, की त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी शेजारच्या काकूंच्या देखत रडले.