रत्नम्माचं कपाळ

लातूरच्या क्लासवाल्यांनी रविकिरणच्या नावावर आपला माल बरीच वर्षं खपवला. "भूकंपात आई गेली तरी पठ्ठ्या मेडिकलला लागला," असं ते नव्या पोरांना छाती फुगवून सांगत. पठ्ठ्या मेडिकलला का गेला, हे विचारायची तसदी मात्र एकानेही घेतली नाही.

खरं तर रविकिरण गणिताचा पोरगा. बारावीला त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले होते, पण बेडूक फाडताना त्याला जांभया यायच्या. इंजिनिअरिंग करायचं आणि पुढे संशोधनात शिरायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याच वर्षी, सप्टेंबर संपता संपता, एका पहाटे जमीन हलली.

लातूरहून मिळेल त्या जीपला लटकत तो सकाळी औशाकडच्या आपल्या गावी पोचला. तिथे गाव म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. त्याचा बाप मलप्पा किराणा दुकानदार; गणपती बोळवून मंडळाच्या लोकांसोबत बाहेरच झोपला म्हणून वाचला होता. आई रत्नम्माला नुकतंच दगडमातीतून काढलं होतं. शेजारच्या हणमंतरावांनी तिच्या छातीला हात लावला, मान हलवली, आणि तेवढ्यावर ती मेली असं ठरलं. डॉक्टर आणायचा तरी कुठून?

गावात मढी गाडीत भरून नेऊन एकत्र जाळायला सुरुवात झाली होती. लिंगायतांत मेलेल्याला बसवून माती देतात. आपल्या बायकोला अग्नी, ही कल्पनाच मलप्पाला सोसवेना. त्याने घाईघाईने शेतात खड्डा खणायला लावला. रत्नम्माला पडक्या भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं, तोंड धुतलं आणि कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले. तिथे जखम होती. पट्टे लाल झाले. मलप्पाने पुसून पुन्हा ओढले, ते पुन्हा लाल झाले. कपाळ पांढरं असल्याशिवाय माती द्यायची कशी?

"आटपा की लवकर, गाडी इकडंच यायलीय!" कुणीतरी ओरडलं.

तेव्हा मलप्पाने मूठभर विभूती जखमेत दाबून भरली. आईचं डोकं रविकिरणने दोन्ही हातांनी ताठ धरून ठेवलं होतं. मग तिला खड्ड्यात उतरवून माती लोटली.

लातूरला परतल्यावर त्याने गणित सोडून दिलं. गणिताचे व्यंकटराव सर खोलीवर आले आणि चांगलेच तापले. "बाहेरचे शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन तुझ्या गावात फिरायलेत. जमीन का हलली, ते तू शोधायचं सोडून बेडकं फाडणार व्हय रे?"

"जमिनीचं कुणीबी शोधील, सर. हणमंतकाकाच्या जागी एक डॉक्टर पाह्यजे होता."

तो नांदेडला मेडिकलला लागला. तिथे एकदा माणूस मेल्याच्या खुणांवर तास होता. सर म्हणाले, हृदय थांबलं की रक्त ढकलणारं कुणी उरत नाही. आडव्या मढ्याच्या खालच्या अंगाने थोडं झिरपेल, एवढंच.

रविकिरण उभा राहिला. "सर, आणि बसवलेल्या मढ्याच्या कपाळातून? पुसलं तरी पुन्हा पुन्हा?"

"मग ते मढं नव्हेच," सर म्हणाले, आणि वर्ग खळखळून हसला.

रविकिरण सुट्टीत गावी गेला तो कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवून. मलप्पा आता सरकारी पत्र्याच्या घरात राहत होता. जेवणं झाल्यावर त्याने विचारलं, "रव्या, आता तू डॉक्टरी शिकायलास. त्या दिशी तुझ्या आव्वाला दवाखान्यात नेलं असतं तर?"

"काही उपेग न्हवता, अप्पा. जागीच गेली होती ती."

मलप्पाने ताट बाजूला सारलं. "मग कपाळ का थांबत न्हवतं रे? मला तवाच वाटलं हुतं. पण खड्डा तयार हुता, अन् ती गाडी आली तर नेतील, ह्याचीच मला भीती." त्याने मुलाचं मनगट पकडलं. "खरं सांग. जितीच पुरली का आपण तिला?"

रविकिरणला बापाचा मनस्वी राग आला, आणि तितकीच दयाही आली. पुन्हा खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं.

"हाव, अप्पा," तो म्हणाला.