लाल दोऱ्याची जर्सी

कडकबाई,

तुझी गोष्ट गल्लीत जो तो आपल्या सोयीने सांगतो. परवा म्हणे कुणीतरी सांगत होतं, शेवटी तू माफी मागितलीस. माझं डोकंच फिरलं. म्हणून एकदा नीट लिहून टाकते. 'तू तू' करत लिहिलं तर मध्येच भांडायला उठशील, तेव्हा परक्या बाईची सांगावी तशी सांगते. ऐक.

लॉन्ड्री तिची. नवरा गेल्यावर एकटीने चालवलेली. खळ अशी घालायची की कॉलर उभी राहून सलाम ठोकेल, त्यावरूनच नाव पडलं कडकबाई. शेजारपाजारच्या आठ देशांच्या फुटबॉल संघांची अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी आमच्या शहरात भरली आणि आपल्या संघाचे कपडे धुण्याचं काम तिला मिळालं. दीर तर असा मिरवत होता, जणू गोल तोच मारणार.

संघ जिंकत सुटला. मग ठरलं, गोलकीपरची पिवळी जर्सी धुवायची नाही. धुतली की नशीब वाहून जाणार! संघाचं सामान सांभाळणारा माणूस तिच्या कॉलरला लाल दोरा बांधून आणायचा. "मावशी, ही नुसती वाळवायची हं. पाणी लावायचं नाही."

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी तिने गाठोडं सोडलं आणि सवयीप्रमाणे एकेक कपडा नाकाशी धरला. कपडा काय मागतोय ते तिला वासावरून कळायचं. पिवळ्या जर्सीशी ती थबकली. बाहीला कोपराशी रक्त वाळून खडखडीत झालेलं, वर पू, आणि वास चिघळलेल्या जखमेचा. तेच अंगात घालून तो पोरगा सामन्यामागून सामने उड्या मारत होता.

"शी!" म्हणून तिने थंड पाण्यात मीठ टाकलं आणि जर्सी बुडवली.

सामना आपण हरलो. एकच गोल, तोही कीपरच्या बोटांना चाटून आत. टीव्हीवर जर्सी मात्र कशी लखलखत होती! कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुटबॉल संघटनेचे सचिव लॉन्ड्रीत हजर, मागे निम्मी गल्ली. जर्सी त्यांनी टेबलावर आपटली.

"कुणी धुतली?"

"मी. का, डाग राहिला?"

दीर घाईने मध्ये पडला. त्याने पळवाट शोधूनच ठेवली होती. तिच्या लॉन्ड्रीत लाल दोरा म्हणजे डाग फार, दोनदा धुवा. "साहेब, खुणेचा घोटाळा झाला हो. आमच्याकडे लाल दोऱ्याचा अर्थच उलटा. वहिनी, सांगा ना!"

सचिवांनाही हायसं वाटलं. "चुकून झालं, एवढंच म्हणा बाई. काम तुमच्याकडेच राहील. नाहीतर आजपासून बंद."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चुकून नाही," ती म्हणाली. "दोरा दिसला होता मला. पण वासही आला. त्या पोराचा हात सडत चाललाय ते तुम्हाला दिसलं नाही, नशीब तेवढं दिसलं?"

"म्हणजे मुद्दाम धुतलीत?"

"मुद्दाम. उद्या आणा, उद्याही धुते."

"बाई, तुमच्यामुळे देश हरला!" मागून न्हावी ओरडला.

"तू आधी दुकानातले टॉवेल धुवायला टाक. मग देशाचं बघू."

हशा पिकला, पण काम गेलं ते गेलंच. गल्लीतल्या पुरुषांनी शर्ट देणं बंद केलं. काही दिवसांनी त्यांच्या बायका पिशव्या लपवत मागच्या दाराशी यायला लागल्या. हिने कडी काढली नाही. "चोरीचा माल आहे का? पुढून या, नवऱ्यांच्या देखत." कुरकुरत का होईना, आल्या. दीर बरेच दिवस बोलला नाही. तेवढाच तिच्या कानांना आराम.

जर्सी टेबलावरच राहिली होती. तिने ती पुन्हा धुतली, इस्त्री करून कागदात गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवली. "ज्याची आहे त्याने न्यावी. त्याला तर कुणी विचारलंच नाही."

तो आला नाही. पुढे त्याने खेळ सोडला, पुलापलीकडे सायकलींचं दुकान टाकलं. ते कळलं तेव्हा तूच म्हणालीस, "आता तो कुणाच्या नशिबाला बांधलेला नाही. चल, मंगळवारी दोघी जाऊन देऊन येऊ." मंगळवारी तुझ्याकडे इस्त्रीचा ढीग. पुढच्या मंगळवारी माझा गुडघा. मग पुलाचं काम निघालं.

कागद तेवढा बदल गं. पिवळा पडला असेल.