तिसरा सिलेंडर

उत्तरेकडच्या डोंगरात एका बटालियनच्या एमटी प्लाटूनमध्ये माझं पोस्टिंग होतं. एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, घर औशाचं. त्याच प्लाटूनमध्ये नाईक बळीराम हा ड्रायव्हर होता, हिमायतनगरचा. मराठवाड्याचे आम्ही दोघंच, म्हणून जेवायला एकत्र बसायचो. तो मला उस्ताद म्हणायचा. फौजेत ज्याच्या हाताखाली काम शिकतात त्याला उस्ताद म्हणतात.

बळीरामकडे एक जुनी डिझेल पिकअप होती. वरच्या पोस्टला रेशन आणि रॉकेल पोचवणं हे तिचं काम. फौजेत ड्रायव्हरचा दिवस फर्स्ट परेडनं सुरू होतो. तेल, पाणी, टायर, ब्रेक, सगळं स्वतः बघायचं आणि मगच गाडी काढायची. बळीराम त्यात एक गोष्ट जास्तीची करायचा. बॉनेट उघडून तो थोडा वेळ नुसता ऐकायचा.

एका सकाळी तो म्हणाला, "उस्ताद, ही एक ठोका गाळून राहिली."

मी ऐकलं. खरंच गाळत होती.

अशा वेळी मी क्रम मोडत नाही. आधी डिझेल फिल्टर बदलला. मग लाइनमधली हवा काढली. फरक नाही. मग इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. नट ढिला केला की त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. सिलेंडर काम करत असेल तर इंजिनाचा आवाज लगेच पडतो. आवाज तसाच राहिला तर तो सिलेंडर आधीच मेलेला. पहिल्याला आवाज पडला, दुसऱ्याला पडला. तिसऱ्याला काहीच झालं नाही. चौथ्याला पुन्हा पडला.

तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात घातला. तरी मेला तो तिसराच. म्हणजे इंजेक्टर चांगला होता. सिलेंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला, काटा अर्ध्यावरही चढला नाही. व्हॉल्व्ह जळलेला. इंजिनाचं हेड उतरवल्याशिवाय इलाज नव्हता.

मी स्टिअरिंगला लाल कार्ड बांधलं. व्हीओआर, म्हणजे व्हेइकल ऑफ रोड. हे कार्ड लागलं की गाडी जागची हलत नाही, असा नियम आहे.

दोन दिवसांवर इन्स्पेक्शन होतं. एमटी ऑफिसच्या बोर्डावर व्हीओआर गाड्यांचा आकडा खडूनं लिहिलेला असतो आणि येणारा साहेब आधी तोच बघतो. आमचे सुभेदार साहेब आले.

"बोर्ड पे झीरो चाहिये."

"साहब, थर्ड सिलेंडर डेड है."

"तीन तो चल रहे हैं?"

"चढाई है, साहब. लोड है."

"चढाई कल भी थी. कार्ड उतारो."

मी उतरवलं नाही. त्यांनी स्वतः उतरवलं, खिशात घातलं आणि बळीरामला रेशन भरायला सांगितलं.

बळीराम माझ्याकडे बघून हसला. "काहून तोंड पाडलं, उस्ताद? माझी बायको म्हणते, तुम्ही दोनवरच चालता. हिला तर तीन हायेत."

दुपारी मी रेडिओ सेटजवळच बसून होतो. त्याच्या को-ड्रायव्हरचा आवाज आला.

"बेस, तीसरे मोड पे गाडी बंद. ओव्हर."

"स्टार्ट हो रही है? ओव्हर."

"नहीं. ब्रेक पकड नहीं रहा. नाईक साहब बोल रहे हैं कूद के पत्थर लगा. ओव्हर."

इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारा जोर जातो. भरलेली गाडी तशा चढावर हँडब्रेकवर थांबत नाही. को-ड्रायव्हरनं उडी मारली, चाकामागे दगड लावला. दगड सरकला, गाडी मागे दरीत गेली. को-ड्रायव्हर वाचला. बळीराम शेवटपर्यंत ब्रेकवर उभा होता.

पडलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या रिकव्हरीच्या गाडीबरोबर मी गेलो आणि खाली दरीत उतरलो. केबिनमध्ये मी सगळ्यात आधी गिअरचा दांडा बघितला. तो पहिल्यात होता, जिथे असायला हवा तिथेच.

पुढे चौकशी झाली. मी तिसऱ्या सिलेंडरचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, गिअरचंही सांगितलं. लिहून घेतलं. निकाल आला तो असा: चढावर चुकीचा गिअर, ड्रायव्हरची चूक.

इन्स्पेक्शन त्याआधीच, ठरल्या दिवशी झालं होतं. दरीत पडलेली पिकअप यादीतून कमी केली होती, त्यामुळे ती व्हीओआर राहिलीच नव्हती. बोर्डावर शून्य होतं, आणि ते खरं होतं. तपासायला आलेल्या साहेबांनी सुभेदार साहेबांना शाबासकी दिली. वरच्या पोस्टला रेशन दुसऱ्या गाडीतून वेळेवर पोचलं. कुठेही आवाज पडला नाही.

आता मी औशाला गॅरेज चालवतो. गेल्या महिन्यात बळीरामचा धाकटा भाऊ देवराव आपली जुनी पिकअप घेऊन आला. हिमायतनगरपासून इथवर वाटेत चांगले मेकॅनिक आहेत, पण इंजिनाचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नाही. भावाचं ऐकून तोही मला उस्ताद म्हणतो.

मी क्रमानं गेलो. फिल्टर, हवा, मग नट. ह्या गाडीचा दुसरा मेलेला निघाला.

"ठेवून जा," मी म्हटलं.

"उद्या उमरीला मांडव टाकायचा हाय, उस्ताद. सामान भरूनच आलो. तीनवर जातो की हळूहळू."

मी किल्ली काढून खिशात घातली. गॅरेजमध्ये मी अजून लाल कार्डं ठेवतो. एक स्टिअरिंगला बांधलं.

"हे काय?"

"हे लागलं की गाडी हलत नाही."

तो कार्डाकडे बघत राहिला. "मग दादाची कशी हलली?"

मी सांगितलं. कुणी उतरवलं तेही सांगितलं.

त्यानं सामानावरची दोरी सोडायला घेतली. मग म्हणाला, "माय अजून इचारते, माझ्या लेकाला गिअर कळत नव्हता का. गावातले बी म्हणतात, घाटात गाडी मारली त्यानं."

सामान दुसऱ्या गाडीत भरून दिलं आणि त्याला लावून दिलं.

हिमायतनगरला झेंडावंदनाच्या दिवशी जवानांची नावं वाचतात. त्यात हे नाव नसतं, कारण अपघात आणि तोही स्वतःच्या चुकीचा, असं कागदावर आहे. म्हणून इथे लिहितो.

नाईक बळीराम. ड्रायव्हर. राहणार हिमायतनगर. गिअर बरोबर होता.