एका काडीची परीक्षा

कुवेतमधल्या मराठी मंडळींपैकी कुणी बर्फ बघायला जॉर्जियाला निघालं, की विमानाच्या तिकिटांनंतर पहिला फोन चंद्रहास गांगुर्डेला जायचा. हातमोजे कुठले घेऊ? पन्नास अंश उन्हाच्या देशात हे विचारायला दुसरं माणूस तरी कोण होतं? चंद्रहास अर्दियातल्या एका कोल्ड स्टोअरचा सुपरवायझर. बाहेर डांबर मऊ पडलेलं असताना हा गृहस्थ उणे बावीसमध्ये, गोठलेल्या कोंबड्या आणि मटारांच्या खोक्यांत उभा. त्याआधी सहा वर्षं पिंपळगावला, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. वाळवंटात येऊनही नशिबी थंडीच आली, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

फोनवर मात्र त्याची ऐट बघावी. “जाड हातमोजा बघून भुलू नका. बर्फावरची ती गाडी, स्नोमोबाइल, ती अंगठ्याने चालते. उजव्या अंगठ्याखाली बारका लिव्हर असतो. किती दाबला हे अंगठ्याला कळलं पाहिजे, नाहीतर गाडी उधळलीच म्हणून समजा. पातळ घ्या, वारा अडवणारा घ्या. आणि पैसे देण्याआधी काडीची परीक्षा घ्या.” स्वतः तो त्या गाडीवर एकदाही बसला नव्हता. सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंचं, पण हातमोज्यांपुरतं ते खरं होतं.

काडीची परीक्षा ही त्याची स्वतःची युक्ती. हातमोजा घालायचा, डोळे मिटायचे आणि काडेपेटीतून एकच काडी काढायची. दोन आल्या तर हातमोजा बदलायचा. कोल्ड स्टोअरमध्ये लेबलं सोलायची असतात, कंटेनरची सीलं चाचपायची असतात, म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला तो हे करायला लावायचा. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, घेतलेली काडेपेटी कायम त्याच्या शर्टाच्या खिशात. सिगारेट ओढत नाही आणि काडेपेटी बाळगतो, म्हणून लोक त्याची थट्टा करायचे.

ही परीक्षा त्याने स्वतः मात्र दीड वर्षात दिली नव्हती. त्याची बोटं बधिर झाली होती. आधी टोकं गेली, मग पेरं, आता तळव्यापर्यंत काहीच उरलं नव्हतं. शर्टाची बटणं तो आरशात बघून लावायचा. एकदा चहाच्या उकळत्या भांड्याला हात लागला आणि फोड आलाय हे त्याला संध्याकाळी दिसलं. “तेल उडालं,” असं त्याने बायकोला, मेधाला, सांगून टाकलं. क्लिनिकमध्ये एकदा जाऊन आला. काउंटरवरच्या बाईने कंपनीच्या विम्याचं कार्ड मागितलं तसा मागे फिरला. कंपनीला कळलं तर कोल्ड स्टोअरमधलं काम बंद, आणि त्याचा इकामा, कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, त्याच कामावरचा.

फार वाईट वाटत होतं का? तसंही नाही. खोटं कशाला बोला, बोटांबरोबर त्याची काळजीही सुन्न पडली होती. जेवण व्हायचं, झोप लागायची, सकाळी बनेद अल-गारच्या घरी कंपनीची गाडी न्यायला यायची. दिवस जात होते.

अशात स्पृहाने, त्याच्या मुलीने, पराक्रम केला. कुवेत सिटीत नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. फेब्रुवारीतल्या सुट्टीसाठी तिने तिघांचं जॉर्जियाचं बुकिंग परस्पर करून टाकलं.

“आई हॉटेलमध्ये बसून बर्फ बघणार. आपण दोघं स्नोमोबाइलवर! तू चालवणार, मी मागे. आयुष्यभर लोकांना लेक्चर दिलंस, आता दाखव.”

तिने व्हिडिओ दाखवला. पांढरा रस्ता, डावीकडे डोंगर, उजवीकडे खोल उतार. चंद्रहास “छान आहे” म्हणाला आणि वरणभात कालवायला लागला. लिव्हर थोडा दाबला की पूर्ण, हे आपल्याला कळणार नाही आणि मागे पोरगी असेल, हे त्याला त्याच क्षणी समजलं होतं. सांगावं तर इकामा, न सांगावं तर तो उतार. तीन आठवडे त्याने काहीच केलं नाही.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी बापलेक मॉलमध्ये गेले. थंडीच्या सामानाचं दुकान, काउंटरवर युसरा नावाची हसतमुख मुलगी. चंद्रहासने इतरांसाठी घेतले असते तसे वारा अडवणारे हातमोजे उचललेच नाहीत. तो सरळ सर्वांत पातळ जोडीकडे गेला. इतकी पातळ की नखांचा आकार दिसावा. याच्यातून कदाचित कळेल, असं त्याला वाटत होतं. शहाण्या माणसाला असं वाटू नये, पण वाटत होतं.

“हे फारच पातळ आहेत ना?” स्पृहा म्हणाली. “गारठशील.”

“पातळच लागतात.”

“मग टेस्ट! युसरा, यू हॅव टू सी धिस. माय डॅड इज फेमस फॉर इट.” तिने त्याच्या खिशातली काडेपेटी काढून अर्धी उघडली आणि काउंटरवर ठेवली. “आधी हातमोज्याशिवाय डेमो दे, म्हणजे तिला कळेल.”

युसरा कौतुकाने पुढे वाकली. नाही म्हणायला काही कारण सुचेना. चंद्रहासने डोळे मिटले, हात पुढे केला, चिमूट धरली आणि वर उचलली.

“एक,” तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. चिमटीत तीन काड्या होत्या, आणि चौथी काउंटरवर पडली होती.

“दोन आल्या की हातमोजा बदलायचा, असं तूच म्हणतोस,” स्पृहा हळूच म्हणाली. “पण बाबा, तू हातमोजा घातलेलाच नाहीयेस.”

“कळत नाही गं मला,” तो म्हणाला. “दीड वर्ष झालं.”

तिने त्याचा हात उलटा केला. तळव्यावर, जुन्या फोडाच्या डागावर, नख रुतवलं. त्याने हात हलवला नाही, तो नुसता बघत राहिला.

“आणि तू मला मागे बसवून चालवणार होतास?”

दीड वर्षात पहिल्यांदा त्याला भीती वाटली. आपण खरंच चालवली असती, हे त्याला कळून चुकलं होतं.

युसरा पाठ वळवून टोप्यांच्या घड्या घालायला लागली. स्पृहाने ती पातळ जोडी स्वतःच्या हातांत चढवली, डोळे मिटले आणि पेटीतून एक काडी काढली. एकच. मग कोपऱ्यातले सर्वांत जाड, बोटांना वेगळे कप्पे नसलेले, लहान मुलांसारखे हातमोजे आणून तिने त्याच्यापुढे टाकले.

“मी चालवते. तू मागे. आल्यावर डॉक्टर.”

“अगं, इकामा...”

“आधी डॉक्टर.”

चंद्रहासने जाड हातमोजे उचलले. आयुष्यभर लोकांना नको म्हणून सांगितलेला माल. “याच्यात काहीच कळत नाही,” तो सवयीने म्हणाला. “मी तुला धरलंय की सुटलोय, तेसुद्धा कळायचं नाही.”

“तुला नाही कळलं तरी चालेल,” स्पृहा त्याच्या मनगटावरचा पट्टा ओढत म्हणाली. “मला कळेल.”