क्रांतीची चाळीस मिनिटं

क्रांती चौगुले आमच्या कोल्हापूरच्या शोरूममध्ये गाड्या ताब्यात द्यायचं काम करायची. नव्या मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि गाडी चालू कशी करायची, बंद कशी करायची, कुलूप कसं लागतं, कुठला दिवा लागला की काय समजायचं, हे सगळं त्याला सांगायचं. सव्वीस गोष्टींचा एक छापील कागद होता. एकेक गोष्ट सांगून समोर खूण करायची, शेवटी मालकाची सही घ्यायची. नीट सांगितलं तर चाळीस मिनिटं लागतात. साडेचार वर्षांत पूर्ण चाळीस मिनिटं ऐकून घेणारी माणसं किती भेटली, ते तिनं एकदा मला बोटांवर मोजून दाखवलं. दुसरा हात लागला नाही.

मी तिथंच विम्याच्या टेबलावर होतो. मधे फक्त एक काच, त्यामुळं हा तमाशा मी रोज बघायचो. गाडीवर झुळझुळीत कापड टाकलेलं असायचं, ते नवरा-बायकोनं दोन टोकांनी ओढायचं. मग हार, नारळ, केक. मेव्हणा रील काढणार, साडू तेच परत काढायला लावणार. त्यानंतर चार चाकांखाली चार लिंबं. लिंबू ठेवायला विसरलेला एकही माणूस मी पाहिला नाही. हँडब्रेक काढायला विसरलेले मात्र ढिगानं पाहिले. सीटबेल्ट न लावता त्याची टिकटिक बंद व्हावी म्हणून नुसती क्लिप विकत आणून खोबणीत खुपसणारेही पाहिले. लाखांची गाडी घ्यायची आणि तिचं तोंड बंद करायला शंभर रुपयांची क्लिप घ्यायची! पुढं हीच मंडळी क्लेमचे कागद घेऊन माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, "गाडीतच फॉल्ट होता वो."

क्रांतीचे वडील आकाराम वारणानगरला दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाला ओरखडा आला नाही. गाडीत चढायच्या आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे, वाकून खाली बघायचे, प्रत्येक टायरवर थाप द्यायचे. गाडी उभी केली की गिअर, हँडब्रेक आणि वर चाकाला दगड. चावी करदोट्याला बांधलेली. कुणी मागितली तर म्हणायचे, "टँकर माझ्या नावावर न्हाय, पर चावी माझ्या जिवावर हाय."

अशा माणसाची पोरगी. डिप्लोमा करून वर्कशॉपमध्ये काम मागायला आली, तर मॅनेजरनं तिला डिलिव्हरीला बसवलं. मुलगी हाय, गोड बोलंल, असा त्याचा हिशोब. क्रांती गोड बोलायची नाही. नीट बोलायची. ह्या दोहोंत फरक असतो हे मॅनेजरला कधी कळलं नाही.

गेल्या गुढीपाडव्याला हंबीरराव आले. खडीच्या क्रशरचे मालक. गळ्यात साखळी, मागं सात-आठ माणसं आणि सगळ्यांच्या मागं त्यांच्या पत्नी शालूबाई. बटणावर चालू होणारी, क्लच नसलेली मोठी गाडी त्यांनी घेतली होती. हार-नारळ झाल्यावर क्रांती कागद घेऊन शेजारच्या सीटवर बसली. मी काचेजवळच उभा होतो, गाडीची दारं उघडी होती.

"साहेब, ही ऑटोमॅटिक आहे. ब्रेकवर पाय ठेवून मग बटण दाबायचं. पाय नसेल तर इंजिन चालू होत नाही, नुसते दिवे लागतात."

हंबीरराव आपल्या माणसांकडं बघून हसले. "ट्रॅक्टर, डंपर, जेसीबी, सगळं फिरवून बसलोय मी. तू जलमायच्या आधीपास्नं. आनि मला ब्रेक दावतीस व्हय गं?"

त्यांनी बटण दाबलं. दिवे लागले. परत दाबलं, आणखी दिवे लागले. तिसऱ्यांदा दाबलं, सगळे विझले.

"बॅटरी उतरल्याली गाडी गळ्यात मारताय व्हय रं!" ते मॅनेजरच्या दिशेनं ओरडले.

"पाय, साहेब," क्रांती म्हणाली.

त्यांनी खाली बघितलं. पाय गालिच्यावर होता. तो त्यांनी ब्रेकवर ठेवला, बटण दाबलं, गाडी चालू झाली. "आता झाली बघ," ते म्हणाले, जणू त्यांनीच दुरुस्त केली.

क्रांती पुढं चावीवर आली. "ही चावी कुठं लावायची नाही, पण गाडीत असायला पाहिजे. गाडी चालू असताना चावी बाहेर गेली तर गाडी बंद पडत नाही, नुसती बीप-बीप वाजते आणि पडद्यावर लिहून येतं. तेव्हा थांबायचं. कारण एकदा बंद केली की चावीशिवाय परत..."

हंबीररावांना फोन आला. पेढे किती किलो आणायचे ह्यावर त्यांचं बराच वेळ चाललं. तेवढ्यात क्रांतीनं मागं उभ्या असलेल्या शालूबाईंना हाक मारली. "काकू, या की पुढं. तुम्हालाही सांगते."

"तिला काय करायचंय?" हंबीररावांनी फोन कानाला असतानाच विचारलं. "ती काय गाडी चालवनार हाय?" आणि चावी शालूबाईंच्या पर्समध्ये टाकली. "हे ठेव तुझ्याकडं. खिशात फुगतंय."

सव्वीसच्या सव्वीस गोष्टींखाली त्यांनी सही ठोकली. सात मिनिटं झाली होती.

महिन्याभरानं, लग्नसराईत, सकाळी साडेअकराला मॅनेजर मोबाईल हातात धरून पळत आला आणि तो क्रांतीच्या टेबलावर ठेवला. "घे. तुझं गिऱ्हाईक." फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळं पुढचं सगळं मीही ऐकलं.

हंबीरराव कागलजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात होते. दारात म्हणजे अगदी फाटकात, फुलांच्या कमानीखाली. नवी गाडी लोकांना दिसावी म्हणून तिथंच थांबवली, बंद केली आणि उतरले. वॉचमन म्हणाला, पुढं घ्या. परत बसले, बटण दाबलं, तर गाडी हलेना. मागून नवरदेवाची वरात आली. पुढं बेंजोची ट्रॉली, मागं घोडा, घोड्याच्या मागं दीडशे माणसं. मुहूर्त बारा पस्तीसचा.

"डब्बा दिलाय तुमी मला, डब्बा!"

"साहेब, पडद्यावर काय लिहिलंय?"

"इंग्लिशमधी कायतरी हाय."

"चावी कुठं आहे?"

"चावी?" हंबीररावांचा आवाज चढला. "चावी लागत न्हाई म्हनून तर ही गाडी घेतली की!"

माझ्या शेजारचा शिपाई तोंड फिरवून हसायला लागला. क्रांती हसली नाही. "काकू कुठं आहेत?" तिनं विचारलं.

शालूबाई शाहूपुरीत उतरल्या होत्या. आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या, मागून लेकीच्या, राजनंदिनीच्या गाडीतनं येणार होत्या. पर्स अर्थातच त्यांच्याबरोबर. त्यांनी दार लावलं तेव्हा गाडी वाजली का, असं क्रांतीनं विचारलं. वाजली होती म्हणे, पाच-सहा वेळा. हंबीररावांनी गाण्याचा आवाज वाढवला होता. गाडी काहीतरी सांगते आहे, हे ह्या माणसाच्या मनातही आलं नाही. बायको सांगते, पोरगी सांगते, त्यातच गाडी एक.

आता शालूबाईंचा फोन लागत नव्हता. क्रांती म्हणाली, "साहेब, चावी येईपर्यंत गाडी चालू होणार नाही. पण ढकलून बाजूला घेता येईल. गिअरच्या शेजारी एक बारकं झाकण आहे..."

"फोनवर पोरीचं ऐकून गाडी खोलत बसू? मालकाला दे फोन!"

तेवढ्यात पलीकडून दुसराच आवाज आला. "ओ मालक, द्या हिकडं. हॅलो, कोन बोलतंय?"

तो गुंडू होता, बेंजोच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर. मागं घोडा बुजायला लागलेला, म्हणून तो उतरून पुढं आला होता.

"दादा, जागा सपाट आहे का उतार?"

"सपाट हाय ताई."

"चाकं सरळ आहेत का बघा. स्टेअरिंग लॉक झालं असेल, वळणार नाही."

"सरळ हायती. पुढं मोकळं मैदान हाय."

"मग तुम्ही स्वतः आत बसा. ब्रेक दाबून धरा, सोडू नका. गिअरजवळचं ते झाकण काढा. आत बटण दिसेल. ते कशानं तरी दाबा आणि दाबलेलं असतानाच गिअर N वर, म्हणजे न्यूट्रलला घ्या. मग हँडब्रेक काढा. माणसं फक्त मागनं ढकलतील, पुढं कुणी उभं राहायचं नाही. इंजिन बंद असल्यामुळं ब्रेक जड लागेल, जोरानं दाबायचा."

गुंडूनं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं. एके ठिकाणी चुकला, तिनं दुरुस्त केलं. चार मिनिटांत गाडी कमानीतनं पुढं सरकली. मागनं बेंजोवाल्यांनी लगेच गाणं धरलं आणि ती सगळी दीडशे माणसं हंबीररावांच्या समोरनं नाचत आत गेली. शालूबाई सव्वा तासानं आल्या. तोवर अक्षता पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव तीन माणसं घेऊन शोरूममध्ये आले. ह्या पोरीनं मला चावीचं सांगितलंच न्हाई, असं त्यांचं म्हणणं. क्रांतीनं तो सव्वीस गोष्टींचा कागद आणून टेबलावर ठेवला. अकराव्या ओळीत चावीचं होतं, खाली त्यांची सही.

मॅनेजरनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. ह्या गृहस्थांना अजून दोन डंपर घ्यायचे होते आणि मॅनेजरच्या भावाची डंपरची एजन्सी होती. "चूक झाली साहेब," तो म्हणाला. "क्रांती, माफी माग."

केबिनमध्ये मीही होतो. पाडव्याला काचेजवळ उभं राहून मी सगळं ऐकलं होतं. बोलायला हवं होतं. मी फाईल चाळत राहिलो. हंबीररावाला नावं ठेवायला मला मजा येते, पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात हलका माणूस कोण होता, ते मला माहीत आहे.

क्रांती उभी राहिली. "माफी मागतो साहेब," ती म्हणाली. कोल्हापुरात पोरीही 'मागतो', 'जातो' असंच बोलतात, पण गिऱ्हाईकासमोर ती कधी असं बोलत नसे. "तुम्ही ऐकत नव्हता आणि मी सांगत राहिलो, ह्याची माफी मागतो."

तिला डिलिव्हरीवरनं काढलं. सर्व्हिसिंगची आठवण करून द्यायच्या फोनवर बसवलं. तिच्या जागी आदर्श नावाचा गोरागोमटा पोरगा आला. तो दहा मिनिटांत गाडी द्यायचा, त्यातली सहा फोटोची. गिऱ्हाईकं खूश. मोबाईलवर पाच-पाच तारे यायला लागले. मॅनेजरनं ते तारे प्रिंट काढून भिंतीला लावले.

एका मंगळवारी दुपारी शालूबाई एकट्याच रिक्षानं आल्या. क्रांतीच्या टेबलासमोर बसल्या आणि पर्समधनं चावी काढून मधे ठेवली. "चार मान्सांत मला बोलनी खावी लागली बघ ह्याच्यापायी," त्या म्हणाल्या. "हे नेमकं काय हाय, ते मला सांग. मी कायतर विचारलं तर हसू नगं."

क्रांतीनं फोन बाजूला ठेवला. शोरूममधल्या तशाच एका गाडीत त्यांना नेऊन बसवलं. चावीच्या पोटात एक खरीखुरी चावी दडलेली असते आणि सेल संपला तर तिनं दार उघडता येतं, हे बघून शालूबाई "अगं बया!" म्हणाल्या ते मला काचेपलीकडं ऐकू आलं. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून स्वतः गाडी चालू केली, बंद केली, परत चालू केली. मॅनेजर दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. पण गिऱ्हाईकाच्या बायकोला काय बोलणार?

दिवाळीत क्रांतीनं नोकरी सोडली. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना शिकवायचं काम तिला मिळालं. पगार थोडा कमीच. परवा त्या कारखान्याच्या विम्याच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा ती दिसली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, भोवती पाच-सहा माणसं. मी हात करून पुढं जायला लागलो तर तिथनंच ओरडली, "काका, जमिनीवरच्या त्या पट्टीच्या आत येऊ नका!" मी जागच्या जागी थांबलो.

तिच्यासमोर मल्लाप्पा नावाचा पन्नाशीचा माणूस होता, संकेश्वरकडचा. वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवणारा. तो म्हणत होता, "म्याडम, ते काटं जमिनीला टेकवून मगच उतरायचं, ते का म्हनलासा? पुन्यांदा सांगा. डोक्यात न्हाई बसलं."

तिनं परत सांगितलं. माल उचलायचा लोखंडी काटा वर राहिला तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत नाही, नडगीवर बसतो. त्यानं मान हलवली आणि आणखी एक प्रश्न विचारला.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी विचारलं, "बरं चाललंय की. ऐकतात लोकं?"

"ऐकत्यात," ती म्हणाली. "इथं न ऐकणाऱ्याचा पाय जातो, म्हणून ऐकत्यात. माणूस सुधारलाय असं काय न्हाई काका."

मग चहा तसाच अर्धा ठेवून उठली. मल्लाप्पा गाडीवर बसून तिची वाट बघत होता.