उपाशीपोटी

हे मी आईलाही सांगितलं नाही, आणि आईला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगत असे. ती गेली. आता सांगण्यासारखं घरात कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आधी थोडं इकडचं तिकडचं बोलणार मी. माहीत आहे मला, टाळाटाळच आहे ती. पण ऐका.

मी मूळची चंद्रपूरची. बरीच वर्षं जयपूरला आहे, एका मेडिकल कॉलेजात शिकवते. संशोधन उष्माघातावर. म्हातारी माणसं लू, म्हणजे उन्हाची झळ, लागून आजारी पडतात तो प्रकार वेगळा. माझा प्रकार धडधाकट माणसाला गाठणारा — भट्टीपुढे राबणाऱ्याला, पोलीसभरतीसाठी धावणाऱ्याला. बाहेर ऊन असतंच, पण कष्टणारं शरीर आतून स्वतःची वेगळी उष्णता तयार करतं आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. अंगाला घाम असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, ठीक आहे की! आणि आत मेंदू तापत असतो. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यांत मी यासाठी उन्हाळेच्या उन्हाळे घालवलेत.

त्यातून जे शिकले ते वर्गात मुलांकडून घोकून घेते. आधी गार करा, मग हलवा. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका. बर्फ, हौद, टँकर, जे मिळेल ते वापरा, पण जागच्या जागी. काखेत थर्मामीटर लावू नका, घामाच्या अंगावर ते फसवतं. खरं तापमान गुदमार्गातूनच कळतं, आणि तिथे लाजायचं नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, या विषयावर मॅडम फार हळव्या होतात. का होतात, ते त्यांना कुठे माहीत आहे?

आमचं इथे एक छोटंसं मराठी मंडळ आहे. खातीपुऱ्याकडची रेल्वेची कुटुंबं, वैशाली नगरमधली नोकरदार मंडळी, माझ्यासारखे चार डॉक्टर-प्राध्यापक. मुलं घरात ‘आई, मतलब मला नाही जायचं’ असं बोलतात, पण महाराष्ट्र दिनाला सगळ्यांना फेटे, नऊवाऱ्या आणि ढोल-ताशा हवाच. आता मे महिन्यात जयपूरला ढोल! पण एक दिवस तरी मराठी व्हायचं ना. म्हणून सकाळी लवकर मिरवणूक काढायची आणि ऊन चढायच्या आत पन्हं पिऊन घरी, असा दरवर्षीचा शिरस्ता.

त्या वर्षी प्रमुख पाहुणे उशीर करत होते. पाहुणेच ते, वेळेवर कशाला येतील? पथक कमरेला ढोल बांधून उभं. वेळ काढायला मग वाजवायलाच सुरुवात झाली. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले. सगळ्यांदेखत म्हणाले, “मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. थांबवू का? संध्याकाळी काढू मिरवणूक.”

काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हीही सांगाल. मी म्हणाले, “अहो, अर्धं पथक विदर्भातलं! आम्हाला ऊन काय सांगता? चंद्रपूरच्या माणसाला जयपूरचं ऊन म्हणजे मांडवातली सावली!”

हशा पिकला. टाळ्या पडल्या. आणि मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? परमुलखात आपल्या मराठी विनोदाला हसणारी माणसं कितीशी मिळतात?

पण मला कबूल करायचंय ते हे नाही. हा मूर्खपणा झाला. मूर्खपणा माणसाच्या हातून होतो.

पहिल्या रांगेत मिलिंद गजभिये होते. नागपूरचे, रेल्वेत टेक्निशियन, आडव्या अंगाचे, मितभाषी. पथकातला सगळ्यात मोठा ढोल त्यांचा. त्यांची बायको वंदनाताई, हिच्याकडे पन्ह्याचं काम होतं. बर्फाची अख्खी लादी फोडून तिने मोठ्या टबात पाणी केलं होतं आणि त्यात पन्ह्याचं पातेलं ठेवलं होतं. तो टब विसरू नका.

पाहुणे आले, मिरवणूक चौकापर्यंत गेली, ताल थांबला. सगळे थांबले. गजभिये थांबले नाहीत. ढोल घसरून बाजूला लोंबत होता आणि त्यांच्या हातातलं टिपरू हवेतच पडत होतं. मग शेजारच्याला त्यांनी एक घाणेरडी शिवी दिली. ज्या माणसाने कधी कुणाला ‘अरे’ म्हटलं नाही, त्याने! लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “भाऊंनी सकाळीच घेतलेली दिसते!” आणि ते कोसळले.

मला कळलं. वाटलं नाही हो — कळलं. माणूस श्रमातून उठून भलतंच बोलायला लागला की काय समजायचं, हे मीच शिकवते ना?

मग मी काय केलं? पर्समधून थर्मामीटर काढलं आणि काखेत लावलं. लाज वाटली का? वाटली. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, बाईमाणसाने त्यांचं धोतर सोडायचं कसं? पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की मला आकडा कमी यायला हवा होता. आला. साधा ताप असावा इतका आला. आणि मी चक्क सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात वंदनाताई टब ओढत आली. पातेलं तिने बाजूला काढून ठेवलं होतं. तिला काही शास्त्र माहीत होतं असं नाही. नवऱ्याचं अंग भाजत होतं आणि हाताशी बर्फ होता, म्हणून आली. तिने टब कलता केला.

मी तिचा हात धरला.

“थांबा,” म्हटलं मी, “गरम अंगावर एकदम थंड नको.”

हे माझ्या आजीचं वाक्य. दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून मी ते खोडते. कशाला बोलले मग? कारण टब ओतला असता तर तो उष्माघात ठरला असता. आणि उष्माघात ठरला असता तर मांडवातली सावली कुणाला आठवली असती? सगळ्यांना. तेवढ्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी, बाप्पा!

“मग काय झालंय यांना?” ती ओरडली.

आणि मी — यापुढचं वाक्य लिहायला मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं — मी विचारलं, “सकाळी काही खाल्लं होतं का यांनी?”

तिचा चेहरा उतरला. सकाळी दोघांचं वाजलं होतं. कूलरची खस बदलायची सोडून सुट्टीच्या दिवशी ढोल बडवायला निघालात, म्हणून ती बोलली होती, आणि ते न खाता निघून आले होते. हे तिने मला तिथेच, रडत रडत सांगितलं. मी काय म्हणावं? “तरीच. उपाशीपोटी चक्कर आलीय.”

सावलीत निजवलं. पाय उंच केले. कपाळावर ओला रुमाल ठेवला, कुणीतरी फेट्याने वारा घातला. अ‍ॅम्ब्युलन्स आमच्याच मिरवणुकीच्या गर्दीत अडकली. बर्फाचा टब तिथेच, हाताच्या अंतरावर होता. तो सगळा वेळ मी त्यांची नाडी धरून बसले होते आणि लोक म्हणत होते, बरं झालं डॉक्टर हजर आहेत. आम्ही गेल्यावर लोक पन्हं प्यायले. छान गार झालं होतं म्हणे.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने तापमान नीट घेतलं. माझ्याकडे बघितलं. “मॅडम, वहाँ पे कुछ ठंडा किया था?”

“जितना हो सका,” मी म्हणाले.

गजभिये वाचले. पण मेंदूचा मागचा भाग, तोल आणि बोलणं सांभाळतो तो, भाजला गेला होता. आता शब्द जिभेवरून घरंगळतात. चालत्या रेल्वेगाडीत चालावं तसे पाय फाकवून चालतात. रेल्वेने बसून करायचं काम दिलं. टिपरू तर सोडाच, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

उष्माघातातून वाचलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हा माझ्या संशोधनाचा पुढचा भाग. वंदनाताई दरवर्षी त्यांना माझ्याकडे घेऊन येते. मी त्यांना सरळ रेषेवर चालवते, बोट नाकाला लावायला सांगते, ते नाकाऐवजी गालाला लागतं, आणि मी नोंद करते. माझ्या निबंधात त्यांच्याबद्दल एक ओळ आहे — ‘घटनास्थळी शरीर थंड करता आले नाही.’ नाव नाही त्यांचं. माझंही नाही. त्या निबंधाचं कौतुक झालं.

आणि वंदनाताईचं काय झालं? भांडून नवऱ्याला उपाशी धाडणारी बाई, असं ती स्वतःला म्हणते. दवाखान्याच्या कागदावर उष्माघात लिहिलाय, पण उपाशी होते म्हणूनच ऊन बाधलं, असं तिने धरून ठेवलंय. नागपूरला सासरी तर हे उघड बोललं जातं. सासू तिच्या हातचं ताट घेत नाही. वंदनाताई त्यावर उलटून बोलत नाही. बोलणार कशी? डॉक्टरनेच सांगितलंय ना. एकदा ती मला म्हणाली, “त्या दिवशी एक पोळी खाऊ घातली असती मॅडम, तर हे असे नसते झाले.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालणारा हात!

एक पोळी खाऊन काहीही बदललं नसतं. एक टब ओतला असता तर, बहुतेक, सगळं बदललं असतं. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

या उन्हाळ्यात ती आली तेव्हा मी ठरवलं होतं. दार लावून घेतलं. “वंदनाताई, त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय,” इथपर्यंत आलेही. तिने लगेच हात जोडले. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, “काय सांगता मॅडम, त्या दिवशी तुम्ही होत्या म्हणून हे आज आहेत.” मग पिशवीतून डबा काढला. पोळी, वांग्याची भाजी. “खाल्ल्याबिगर मी यांना पाऊल टाकू देत नाही. चालायची परीक्षा मागून घ्या.” ती त्यांना भरवू लागली. प्रत्येक घासाला त्यांच्या तोंडाकडे ती अशी बघत होती, जणू त्या घासावरच त्यांचा जीव टांगलेला आहे.

गजभियेंनी मधेच तिचा हात थांबवला. डब्यातला एक घास स्वतः उचलला. हात थरथरत होता, भाजीचा रस माझ्या टेबलावर सांडला. तो घास त्यांनी माझ्यापुढे धरला. “म्याडम... तुमी... उपाशी...”

वंदनाताई कौतुकाने हसली. “बघा, तुमची काळजी!”

मी तो घास खाल्ला. आणि तिला म्हणाले, “बरं करता तुम्ही. उपाशी नकाच ठेवू.”