सगळं जागेवर असलेली चोरी

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे डोक्यातून गेले, बरं झालं. सोलापूरच्या एमआयडीसीतली ती चोरी मात्र जायचं नाव घेत नाही.

तक्रारदार टॉवेलच्या यंत्रमागांसाठी कंट्रोल पेट्या बनवायचा. तो ठाण्यात आला तेव्हा मी बंदोबस्त उरकून दमून बसलो होतो. काय चोरीला गेलं, विचारलं.

"कायच न्हाय साहेब. सगळं जागेवर हाय. पेटीतली अक्कल तेवढी नेली."

ठाणे अंमलदार हसला. मला हसू आलं नाही. मुद्देमाल जागेवर असताना पंचनामा कशाचा करायचा, हे लचांड माझ्याच गळ्यात पडणार होतं. मग त्यानं समजावलं. पेटीत एक चिप, चिपमध्ये माग चालवणारा प्रोग्राम. तपासणीसाठी ठेवलेल्या पोर्टला केबल जोडली की तो प्रोग्राम वाचता येतो. चिपला आतून कुलूप घालता येतं, पण यानं ते घातलं नव्हतं.

"कुलूप घातलं की जाग्यावर दुरुस्ती व्हत न्हाय. माग थांबला की मालक बोंब मारतोय की."

आता हुबेहूब तसल्याच पेट्या दुसरा एक जण निम्म्या भावात विकत होता.

केबल घेऊन कारखान्यांत फिरणारा तक्रारदाराचा दुरुस्तीवाला एकच होता. तो त्या दुसऱ्याच्या दुकानात दिसतो, अशी खबर मिळाली. हवालदारानं त्याला घरून आणलं. मी खोदून खोदून विचारलं, उत्तर तेच.

"हौ साब, गया था. उधर सोल्डर मिलता. चोरी करनेकू नहीं गया."

खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं सांगतो. हा सांगत नव्हता. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि पंच व तक्रारदाराला घेऊन नकली पेटी बसवलेल्या कारखान्यात गेलो. तिथला विणकर वैतागलेला होता.

"माग कोरा करकरीत हाय साहेब, पन सुरू व्हताना म्हाताऱ्यावानी चालतोय."

तक्रारदाराचा चेहराच उतरला. जीपमध्ये बसताच म्हणाला, "तक्रार मागं घेतो."

संथ सुरुवात त्यानं एकाच मागाच्या प्रोग्राममध्ये भरली होती, कारण त्या मागाचं चक्र झिजलेलं होतं. चोरणाऱ्याला आतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यानं होतं तसं सगळं उचललं. तो माग तक्रारदाराच्या दाजींचा.

"ताईचं घर हाय ते, साहेब."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हटलं, "आणि बाकावर बसलाय त्याला घर नाही?"

 मग ठाण्यात येऊन त्यानं जबाब दिला, दाजींच्या नावासकट. दाजींनी फार ताणलं नाही. त्या नकली पेटीवाल्यानं कबूल केलेल्या नव्या मागाच्या आशेनं त्यांनी त्याला पेटी उघडून दिली होती. तज्ज्ञांच्या अहवालात प्रोग्राम जुळले, दोषारोपपत्र गेलं. त्या वर्षी ताईची राखी आली नाही, असं पुढे कानावर आलं.

त्या दिवशी जबाब झाल्यावर तक्रारदार बाकावरच्या दुरुस्तीवाल्यापुढे हात जोडून उभा राहिला. "उद्यापासून ये."

"पहले पेटीकू ताला डालो, भाई. फिर बुलाव."

"मग तू दुरुस्ती कशी करणार?"

"नहीं होंगी तो नहीं होंगी. मेरे बच्चोंके सामने पुलिस तो नहीं आएंगी."

नोकरीभर मी कुलपं फोडणाऱ्यांच्या मागे धावलो. कुलूप चोराला अडवण्यापेक्षा साध्या माणसाला संशयापासून वाचवायला जास्त लागतं, हे त्या दिवशी कळलं. दुरुस्तीवाल्याला सोडताना आम्ही वेळ नोंदवली, सही घेतली. माफी मागायची पद्धत आमच्या खात्यात नाही. तो चप्पल घालून पायीच निघून गेला.